एका धबधब्याचे दोन शेजारी

त्रिनिदादला लोक कार्निव्हलला जातात, मी गेले गप्पी मासे बघायला. हो, तेच गप्पी! डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे पालिकेचे लोक टाक्यांत, डबक्यांत सोडतात ते. त्यांचं माहेर म्हणजे व्हेनेझुएलाचा किनारा आणि हे बेट.

अरिमा गावात सकाळी डबल्स हाणले (मऊ ‘बारा’ आणि त्यावर चण्याची रस्सेदार उसळ; भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांची देणगी) आणि डोंगरातल्या अरिपो नदीकडे निघालो. खालच्या डोहात गप्पींचे नर मळकट, घोळक्यानं काठाला धरून. कारण आत पाइक सिक्लिड हा शिकारी मासा टपलेला असतो, मोठ्या गप्पींचा काळ. मग शेवाळलेल्या दगडांवरून धबधब्याच्या वर चढलो, आणि तिथले नर बघून मी चक्क खाली बसले. नारिंगी, काळे, निळसर चमकते ठिपके, त्यातही एकासारखा दुसरा नाही. जात मात्र तीच.

पाइक सिक्लिडला हा कडा चढता येत नाही. वर असतो रिव्ह्युलस नावाचा मासा, तो मुख्यतः लहान पिल्लंच खातो. त्यामुळे वरच्या नरांना मिरवणं परवडतं, आणि माद्यांना नारिंगी आवडतोच. त्या रंगाचा काही भाग नराला स्वतः बनवता येत नाही, शेवाळासारख्या खाण्यातून मिळवावा लागतो. रंगाहून मला नवल वाटलं संसाराचं: खालचे मासे लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण बारकी पिल्लं घालतात. उद्याचा भरवसा कुणाला? वरचे सावकाश वाढतात, पिल्लं थोडी पण मोठी.

1976 मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी खालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या पाण्यात सोडले. दोनेक वर्षांत नर रंगीत झाले. पुढे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक यांनी त्यांच्याबरोबर 11 वर्षांनंतरचा हिशेब मांडला, तेव्हा पिल्लांचा आकार आणि वयात येण्याचा काळही बदललेला होता. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण शाळेत घोकलेलं. इथे जेमतेम 30 ते 60 पिढ्यांत काम झालं.

अशा उचलाउचलीची दुसरी बाजूही आहे. 1957 मध्ये संशोधक कॅरिल हॅस्किन्स यांनी इथल्याच कारोनी नदीच्या खोऱ्यातले 200 गप्पी ओरोपूश नदीच्या खोऱ्यातल्या तुरूरे नदीच्या वरच्या अंगाला सोडले. धबधबा वर चढणाऱ्याला अडवतो, खाली वाहून जाणाऱ्याला नाही. आज तुरूरेत खालीही, मूळ गप्पींच्या जागी, बहुतेक त्या पाहुण्यांचेच वंशज पोहतात.