बदाम दिला, वाचलं नाही

मंगळवार, रात्र

दादा रविवारी म्हणाला, "तो हंडा मोडीत घालू या का? तांब्याला भाव चांगला आलाय." आणि मग जरा थांबून, "आला कुठून गं तो आपल्याकडे?"

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. हंडा काही मोडीत जाणार नाही, वहिनीच जाऊ देणार नाही. मला लागलं ते त्याचं विचारणं. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी फेसबुकवर लिहिलं त्यात हंड्याचीच तर गोष्ट होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि त्याखाली दादाचा बदाम आहे. टाकल्या टाकल्या आला होता. मी त्या दिवशी मुद्दाम पाहिलं होतं आणि बरं वाटलं होतं, की चला, दादाने वाचलं.

त्याने वाचलंच नव्हतं. फोटो पाहिला असणार. आई ओट्यापाशी उभी आहे, निळी साडी, चष्मा कपाळावर, कोणाला तरी काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबलेली. तो फोटो बघून कोणीही बदाम देईल.

आज दुपारी ती पोस्ट पुन्हा उघडून बसले. दोनशेच्या वर लोकांनी काही ना काही दाबलंय. बऱ्याच जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंय. आईला जाऊन वर्ष झालं, हे माझं पहिलंच वाक्य आहे. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी तेवढंही वाचलेलं नाही. 'छान लिहिता ताई.' 'डोळे पाणावले.' कशाने पाणावले असतील, असं मनात येतं. मग वाटतं, असं म्हणू नये. पाणावलेही असतील.

पण मग मी लिहिलं कोणासाठी?

तीन रात्री लागल्या होत्या त्या पोस्टला. हंडा तसा साधाच आहे. दोन कळशा पाणी मावेल एवढा, पोटाला एका बाजूला मोठा पोचा, काठ एके ठिकाणी आत वळलेला. गळ्याखाली नाव घातलंय, पूर्वी घालायचे तसं टिंबाटिंबांनी ठोकून. 'सौ.' स्वच्छ वाचता येतं. पुढचं अक्षर 'का' किंवा 'वा'. त्यापुढचं घासून घासून गेलंय, आणि शेवटी 'कर'. बोट फिरवलं की मधली टिंबं अजून लागतात, पण जुळत नाहीत. आमच्यात कोणी 'कर' नाही. ना आईच्या माहेरी, ना इकडे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासल्याचंही गेलं, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आई तेव्हा नऊ वर्षांची. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा. पाणी ओसरल्यावर अंगणातल्या गाळात हा हंडा उपडा रुतलेला मिळाला. आजीने तो धुतला, घासला आणि फळीवर ठेवून दिला, कोणी न्यायला येईल म्हणून. दारोदार विचारलं तिने. आधी गल्लीत, मग नारायण पेठेत, मग ज्या शाळांमध्ये पूरग्रस्तांना ठेवलं होतं तिथेही. कोणी आलं नाही. आजीने त्यात कधी पाणी भरलं नाही. दुसरीच्या संसारातलं भांडं, तिच्या हातचं पाणी त्यात असायचं, असं म्हणायची. आईने पुढे भरलं. पण आईही कोणी विचारलं तर सांगायची, "आपला नाही तो. आपल्याकडे आहे."

हे सगळं मी लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, की पुरात असा हंडा गेल्याची आठवण कोणाच्या घरात असेल तर कळवा. म्हणजे आजीने जे दारोदार केलं, तेच. त्याखाली काय आलं? बदाम आणि जोडलेले हात.

काल रात्री झोप येईना म्हणून बोट वर वर सरकवत बसले. कोणाचं सन्मानचिन्ह. कोणाचा व्हिएतनाम. कोणाच्या लेकाचं पॅकेज. टेकडीवरचे तेच ते चार जण, रोज त्याच दगडावर. एकीने नवऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात, तो शेजारच्या खोलीत झोपलेला असेल. आणि संपत नाही ते. पूर्वी पान संपायचं. खाली कधी तळच लागू नये अशी रचना आझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये केली, आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. लाइकचं बटण २००९ मधलं, हे बदाम आणि रडके चेहरे २०१६ मधले. भाची म्हणते, मावशी, २०१८ पासून त्यांनी ठरवलं, की ओळखीपाळखीच्यांचं आणि ज्यावर लोक बोलतील असंच जास्त दाखवायचं. म्हणून लग्नं, वाढदिवस, मयत आणि भांडणं वर येतात. म्हणजे माझी आई लोकांना दिसली ती त्यातल्या एका खणात दिसली. सन्मानचिन्ह आणि व्हिएतनामच्या मध्ये.

हे मला सोसत नाहीये. तिचं आयुष्य तसल्या जागी मी नेऊन ठेवलं, हा विचार...

राहू दे.

शेजारच्या काकू त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "घरचं सगळं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?" आईच्या माहेरीही हेच होतं. आपण होऊन आपलं सांगू नये. प्रसिद्धीपराङ्मुख म्हटलं की पुण्यात माणसाची मान ताठ होते. मला हे पूर्वीही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्यांचं बोलणं न बोलताही ऐकलं जातं, त्यांना गप्प राहणं परवडतं. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग छापला होता: 'काय करूं आतां धरूनियां भीड'. मुक्याचं जगात कोणी नसतं, असं पुढे तुकोबाच सांगतात. माझ्या आईच्या हंड्याची गोष्ट त्या तोडीची नाही, मला माहीत आहे. पण आजीच्या दारोदार फिरण्याची नोंद कुठल्या पुस्तकात येणार होती? पानशेतवर लेख येतात, दर जुलैला येतात. त्यांत धरणाची भिंत असते, वाळूची पोती घालणारे जवान असतात, पाण्यात गेलेले पूल असतात. परत न गेलेली भांडी नसतात. ती कोणीतरी मांडायला हवीत, आणि माझ्याकडे मांडायला हीच जागा आहे. तेव्हा काकूंचं म्हणणं मी मानत नाही.

आणि सगळाच काही गोंगाट नसतो. एप्रिल २०२१ मध्ये मी हेच फेसबुक उशाशी घेऊन झोपत होते. ऑक्सिजनचा बेड, प्लाझ्मा, रेमडेसिव्हिर. एखादी ओळ आणि एक फोन नंबर, बस. कोणी बदाम देत नव्हतं. 'इथे विचारा', 'हा नंबर लागत नाही', 'आत्ताच बोलले, एक बेड आहे, पळा.' आणि काम झालं की माणूस लिहायचा, 'मिळाला, पोस्ट काढतोय, दुसऱ्यांना फोन करा.' खरंच काढून टाकायचे. काही जण लिहायचे, 'आता गरज नाही.' तेवढंच. ते वाचलं की आपणही फोन खाली ठेवायचो.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं, तेव्हाही मैत्रिणीने पहाटे पार्किंगचा फोटो टाकला म्हणून आम्हाला कळलं. आई होती तेव्हा. दिवसभर टीव्हीपुढून हलली नाही. दर अर्ध्या तासाने विचारायची, "खडकवासल्यातून किती सोडलंय?" संध्याकाळी म्हणाली, "आमच्या वेळी एक माणूस सायकलवरून ओरडत गेला, पाणी आलं, पळा. चेहरा बघितला नाही कोणी. आवाज अजून आहे माझ्या कानात." पुन्हा पाणी आलं अशी अफवा नंतर उठली, आणि तेव्हाही सगळे तसेच जीव घेऊन धावले, असंही तीच सांगायची. आधीचाही माणूसच ओरडला होता, नंतरचाही माणूसच. ओरडणाऱ्याला आपण कितीदा खरे ठरणार हे कुठे माहीत असतं!

दादापाशीच येतेय मी पुन्हा. त्याने वाचायला हवं होतं. इतर दोनशे लोकांचं मला काही नाही. त्यांची आई नव्हती ती.

संध्याकाळी पोळ्या लाटताना एकदम एक गोष्ट लक्षात आली आणि लाटणं हातात तसंच राहिलं. दादाने ही गोष्ट माझ्या पोस्टमध्ये पहिल्यांदा वाचायची होती थोडीच? आईने त्याला ती दर दिवाळीला सांगितली आहे. चिंच आणि मीठ घेऊन ती मोरीत हंडा घासायला बसायची आणि घासता घासता सुरू व्हायची. दादा तिथेच दारात उभा असायचा, पाण्याची बादली आणून द्यायला. 'सौ.' पुढचं अक्षर काय असेल यावर आई त्याच्याशी वाद घालायची. त्याने ते सगळं ऐकलं आणि काही राहिलं नाही. म्हणजे आईच्या तोंडून, समोर बसून, हातात चिंच घेऊन सांगितलेलं जे राहिलं नाही, ते माझ्या फेसबुकने राहायला हवं होतं अशी माझी अपेक्षा होती.

आणि हाच दादा आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला नेत होता. सुट्ट्या संपल्या तेव्हा बिनपगारी घेतल्या. गाडीत आई अखंड बोलायची आणि तो कर्वे रोडची गर्दी कापत नुसतं "हं, हं" करायचा. एकदा मी मागे बसले होते. आई मध्येच थांबली, तर हा म्हणाला, "बोल ना." तिने काय सांगितलं ते त्याला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. ती बोलतेय एवढं त्याला पुरत होतं.

त्याचा बदाम म्हणजे त्याचं 'हं' आहे. इतकी वर्षं ओळखते त्याला, तरी हे कळायला मंगळवार उजाडला.

यावर माझं पूर्ण भागतं असं नाही. मला कोणीतरी विचारायला हवं असतं. मधलं अक्षर काय असेल गं, काणेकर की वाळिंबेकर, असं काहीतरी. ते दादाकडून येणार नाही. मोठ्या भावाकडून येतं ते दुसरंच काही येतं, आणि ते आलेलं आहे, येतंही. बाकीचं मी बदामात शोधत बसले तर माझंच मन खात राहील.

पोस्ट काढणार नाही. आईचा फोटो राहू दे तिथे, लोकांना हात जोडावेसे वाटले, जोडू देत. पण हंड्याची वेगळी पोस्ट करायची. आईचा फोटो नको, माझं नावही पुढे नको. फक्त गळ्याखालच्या अक्षरांचा जवळून फोटो, तिरक्या उन्हात काढलेला, म्हणजे टिंबं उठून दिसतील. खाली तीन ओळी: कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणाचा आहे. जुन्या पुण्याचे फोटो टाकणारे दोन-तीन ग्रुप आहेत, त्यांत जुने पेठकर बरेच आहेत. एकसष्ट साली सौ. असलेली बाई आता असणं कठीण, पण तिची मुलं सत्तरीत असतील. नातवंडं फोनवर असतीलच. त्यांच्या घरातही कोणीतरी सांगत असेल, की आपला एक हंडा गेला.

त्याआधी मावशीला विचारायला हवं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, आईपेक्षा तिला जास्त आठवत असणार. हंडा नेमका कुठे मिळाला, विहिरीच्या बाजूला की दिंडीदरवाजापाशी. पाणी कुठून आत आलं. वरच्या अंगाला कोणाकोणाचे वाडे होते, त्यांत 'कर' कोण. आजीने कुठल्या शाळेत जाऊन विचारलं होतं. मावशीला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून शनिवारी प्रत्यक्षच जाते. हंडा पिशवीत घालून नेते, बोटाने वाचू दे तिला. दादाला म्हणते, सोडायला ये. दुसऱ्या कोणाबरोबर ती जिना उतरून खाली येत नाही, आणि त्याला तिथे चहा मिळतो.