एजंटसाठी कॅलेंडर टूलचं वर्णन लिहिताना

एआय एजंटच्या, म्हणजे स्वतः टूल वापरून काम उरकणाऱ्या भाषा-मॉडेलच्या, हाती कॅलेंडरवर कार्यक्रम टाकण्याचं टूल द्यायचं, तर माणसांसाठी लिहिलेलं एपीआय डॉक्युमेंटेशन (प्रोग्रामने सेवा कशी वापरायची याची माहिती) जसंच्या तसं उचलून भागत नाही. माणूस कॅलेंडर उघडून बघतो, चुकलं तर दुरुस्त करतो. एजंटला मात्र उत्तर आलं की त्याच्या लेखी काम संपलं. म्हणून चुकीचा कॉलसुद्धा (टूलला केलेली विनंती) जिथे बिनबोभाट यशस्वी होतो, त्या जागांवर टूलच्या वर्णनात, म्हणजे एजंट वाचतो त्या मजकुरात, शब्द खर्च करावेत. एखादं फील्ड राहिलं तर एरर येईलच, त्याची काळजी नाही.

पहिली जागा पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमाची. गूगल कॅलेंडरचा एपीआय असो की कॅलेंडरच्या नोंदींची देवाणघेवाण करण्याचं आयकॅलेंडर हे मानक (२००९ चं आरएफसी ५५४५), दोन्हींत शेवटची तारीख कार्यक्रमात धरत नाहीत. समजा, इंदूरला लोकमान्यनगरात शनिवार १० ते सोमवार १२ जानेवारी २०२६ अशी व्याख्यानमाला आहे. तर 'एंड'मध्ये १३ जानेवारी लिहायला हवी. १२ लिहिली तर एरर येत नाही, फक्त सोमवारचं व्याख्यान कॅलेंडरवर दिसत नाही. 'शेवटची तारीख वगळून' एवढ्या नियमावर थांबू नका; हे उदाहरण तारखांसकट वर्णनात घाला. मॉडेल नियमापेक्षा उदाहरण जास्त नेमकं पाळतं.

दुसरी जागा टाइमझोनची. वेळेच्या शेवटी 'झेड' लावायची मॉडेलना सवय असते, आणि झेड म्हणजे यूटीसी, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. त्यामुळे संध्याकाळी ६ ची बैठक मुकाट्याने रात्री साडेअकराला जाऊन बसते. वर्णनात स्पष्ट लिहा: वेळ नेहमी +०५:३० सह द्यावी, झेड लावू नये, टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असावा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या कार्यक्रमाला गूगलमध्ये टाइमझोनचं नाव द्यावंच लागतं, नुसत्या +०५:३० वर भागत नाही.

एरर आली तरी प्रश्न संपत नाही, कारण एरर वाचून एजंट पुढचं पाऊल ठरवतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेले फिरते देखावे) संध्याकाळी निघतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. एजंट सुरुवात संध्याकाळी ६ आणि शेवट सकाळी ६ लिहितो, पण तारीख दोन्हींकडे एकच. 'वेळेची मर्यादा चुकीची' असा त्रोटक निरोप मिळाला की तो दोन्ही वेळांची अदलाबदल करून मोकळा होतो, आणि मिरवणूक भरदिवसा लागते. त्याऐवजी एररचा मजकूर असा ठेवा: 'शेवट सुरुवातीच्या आधी येतो आहे. कार्यक्रम मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर शेवटची तारीख एक दिवसाने वाढवा. वेळा बदलू नका.' एररचे मजकूर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग.

पाहुण्यांची यादी मात्र वर्णनाने सुटणारी गोष्ट नाही. गूगलच्या 'पॅच' कॉलमध्ये (नोंदीचा काही भाग बदलणाऱ्या) यादी दिली की जुनी यादी पूर्ण पुसून नवी बसते. चौदा जणांच्या बैठकीत पंधरावा जोडायला गेलेला एजंट चौदा जणांना काढून टाकतो. 'आधी जुनी यादी वाचा' असं कितीही ठळक लिहिलं तरी कधीतरी विसरलं जाणारच. 'पाहुणा जोडा' असं वेगळं टूल द्या. आतला कोड जुनी यादी वाचेल आणि नवं नाव जोडून परत लिहील. निमंत्रणाच्या ईमेल आपोआप जाऊ देऊ नका. ईमेल कुणाला जावी हे ठरवणारं 'सेंडअपडेट्स' मुळात 'नन' (कुणालाच नाही) ठेवा आणि वापरकर्त्याला विचारल्याशिवाय 'ऑल' (सर्वांना) करू नये, असं लिहा.

टाइमआउटनंतर, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही की, एजंट तोच कॉल पुन्हा करतो आणि एका बैठकीच्या दोन होतात. गूगलमध्ये कार्यक्रमाचा आयडी आपणच देऊ शकतो: लहान लिपीतली ए ते व्ही अक्षरं आणि अंक, लांबी ५ ते १०२४. डॅश काढलेला यूयूआयडी (प्रोग्रामने तयार केलेला एकमेव ओळखक्रमांक) यात चपखल बसतो. तो एकदाच तयार करा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच वापरा. दुसऱ्या वेळी ४०९ हा एरर कोड (हा आयडी आधीच आहे) आला तर 'कार्यक्रम आधीच तयार आहे, पुन्हा टाकू नका' असं एजंटला कळवा.

आपल्या मंडळांच्या कामात हमखास येणारी अडचण तिथींची. संकष्टी किंवा एकादशी नेहमीच्या पुनरावृत्तीच्या नियमात बसत नाही. 'दर महिन्याला' म्हटलं की इंग्रजी तारीखच मोजली जाते. तिथीच्या कार्यक्रमांना पुनरावृत्ती लावू नये, पंचांगातल्या तारखा वापरकर्त्याकडून घेऊन प्रत्येक कार्यक्रम वेगळा टाकावा, असं थेट लिहा. दर महिन्याच्या ३१ तारखेचा नियमही ३० दिवसांचे महिने आणि फेब्रुवारी गाळतो. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर नियमात तारखेच्या जागी उणे १ द्यावं.

टूलच्या उत्तरात नुसता आयडी देऊ नका. 'शनिवार, १० जानेवारी २०२६, संध्याकाळी ६:४५ ते ८:१५' अशी पूर्ण ओळ द्या आणि ती वापरकर्त्याला वाचून दाखवायला वर्णनात सांगा. 'पावणेसात' चुकून सव्वासात झालं असेल, 'परवा'चा दिवस घसरला असेल, तर वार आणि वेळ बघताच ते लक्षात येतं. चाचणी घेतानाही एजंट काय म्हणाला यावर विसंबू नका. कॅलेंडरमधून कार्यक्रम परत वाचा आणि सुरुवात, शेवट, टाइमझोन, पाहुणे ही चार फील्डं अपेक्षित नोंदीशी ताडून पाहा.