आई अशी गात नव्हती

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "आई अशी गात नव्हती." मग चहा टाकू का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

आईने घरच्या बैठकीत गायलेला तो भूप राग, कॅसेटवरून उतरवलेला. खाली घुमार, वर सतत खरखर. किती रात्री इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनावर, बसून तो माणसात आणला. २५० हर्ट्झला तीन डेसिबल कमी केले, ३००० च्या आसपास चार डेसिबल वाढवले, कारण शब्द तिथेच स्पष्ट होतात, आपला कान तिथेच सर्वांत तल्लख असतो. वाढवलेलं फाटू नये म्हणून प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, उणे चारवर. खरखर मात्र तशीच ठेवली. ती दाबली की तानपुऱ्याची जवारी, तारांची ती झणझणही दबते, आणि त्या तानपुऱ्याचं काय झालं ते आज लिहीत नाही.

एवढं करून आई समोर येऊन बसली होती. आणि ताईला ती परकी वाटली. कुणासाठी केलं मग हे सगळं? बाबा असते तर... जाऊ दे.

"गंधार बारीक झालाय," असंही ती म्हणाली होती. ते मी आत्ता नीट ताडून पाहिलं. आईची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी तिचा सा. मध्य सप्तकाचा सा २०८ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे शुद्ध गंधार २६० च्या. मी घुमार काढला तो नेमका त्याच्या अंगावर. आणि भूपात गंधार वादी, रागाचा मुख्य स्वर! अशी सरसकट कपात करून घुमार काढला तर गंधाराला झळ बसणारच. ताईचा कान आजही किती पक्का आहे.

पण "अशी गात नव्हती" हे कसं मान्य करू? मला तर ती अशीच आठवते. शब्दाला धार, तानेचा प्रत्येक दाणा सुटा.

शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या ध्वनिसंशोधकांनी श्रोत्यांच्याच हाती खर्ज आणि वरच्या पट्ट्याची कळ देऊन प्रयोग केले होते. त्यातून हेडफोनमध्ये कुठल्या पट्ट्याला किती जोर हवा याची सरासरी पसंतीची एक रेघ निघाली, पण वयाप्रमाणे, ऐकण्याच्या सवयीप्रमाणे माणसं तिच्यापासून सरकत होतीच. शिवाय प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, त्यामुळे तोच हेडफोन आठ-नऊ हजार हर्ट्झला मला एक सांगतो, ताईला दुसरंच. हे सगळं मला पटतं. तरी ते वाक्य टोचायचं थांबत नाही, कारण इथे प्रश्न आवडीचा नाही, आईचा आहे.

मघाशी भांडी आवरताना सुचलं. ताई तानपुऱ्यावर असायची, आईच्या मागे. मी समोर, पहिल्या सतरंजीवर. गाणाऱ्याच्या तोंडातून वरचे स्वरांश समोर फेकले जातात. खालचे डोक्याला वळसा घालून मागेही पोचतात. मागे बसणाऱ्याला आवाज गोल, भरदार, थोडा झाकलेलाच ऐकू येणार. वर कानाशी तानपुरा. लहानपणापासून ताईने ऐकलेली आई ती. मी ती आई कधी ऐकलीच नाही. मला का नाही कधी मागे बसवलं, असंही क्षणभर वाटलं. पण माझा हात तानपुऱ्यावर स्थिर राहायचा नाही, आणि समोरची जागा मला आवडायचीही.

म्हणून माझी मांडणी तशीच ठेवून दुसरी सुरू केली आहे. २५० पूर्ववत, ३००० ला वाढ नाही, ४००० च्या वर हळूहळू उतार. घुमार परत आला आहे, गंधारही. मला ती आई थोडी लांब वाटते. रविवारी ताई आली की माउस तिच्या हातात देईन, बाकीचं तिनेच लावावं. तोवर फाईलला नाव दिलंय, 'तानपुऱ्यामागून'.