स्टीमच्या पेजची चित्रं आणि एक न मिळालेली ओपन फाइल (माझा अनुभव)

स्टीमवर, म्हणजे कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकायचा तर १०० डॉलर भरा, पॅन नंबर टाकून टॅक्सचा फॉर्म भरा, बँकेचा स्विफ्ट कोड शोधा, हे सगळं यूट्यूबवर कुणीही सांगेल आणि माझं ते पटापट झालंही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. (ते १०० डॉलर परत मिळतात, पण गेमची विक्री १००० डॉलरवर गेली की मग. तेव्हा गेलेच असं धरून चाला.) मला लिहायचंय ते स्टोअर पेजच्या चित्रांबद्दल, कारण अख्खा पावसाळा त्यात गेला आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

गेम छोटासाच आहे. रात्रीची एसटी घाटातून खाली उतरवायची, ब्रेक तापतात, धुकं येतं, मागच्या सीटवर एक आजोबा कोंबडा घेऊन बसलेत. कोड माझा, आवाज मित्राने केलेत, चित्रकलेत मात्र दोघंही शून्य. म्हणून स्टोअरची चित्रं आणि वर्णन असं पॅकेज एका एजन्सीला दिलं, नाव घेत नाही. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, सगळे साइज आणि ओपन फाइल सकट (ओपन फाइल म्हणजे ज्यात चित्राचा प्रत्येक भाग वेगळ्या थरात, लेयरमध्ये, सुटा असतो ती मूळ फाइल).

आता ओपन फाइलसाठी मी एवढा का अडून बसलो ते सांगतो. स्टीमला एक चित्र देऊन भागत नाही. हेडर ९२०×४३० पिक्सेल, छोटी कॅप्सूल (कॅप्सूल म्हणजे स्टोअरमध्ये ठिकठिकाणी दिसणारं, गेमच्या नावासकटचं चित्र) ४६२×१७४, मोठी १२३२×७०६, उभी ७४८×८९६, हे झालं स्टोअरचं. मग लायब्ररीसाठी, म्हणजे विकत घेतलेले गेम दिसतात तिथे, वेगळं, ६०० बाय ९०० चं उभं पोस्टर, ३८४०×१२४० चा लांबलचक हीरो, म्हणजे वरचं पट्टीसारखं चित्र, ज्यावर एकही अक्षर चालत नाही, आणि लोगो वेगळा, ट्रान्सपरंट पीएनजीमध्ये. म्हणजे बस वेगळी, घाट वेगळा, धुकं वेगळं, लोगो वेगळा असं सुटं सुटं हातात असेल तरच आडव्याचं उभं करता येतं. उद्या इच डॉट आयओ या गेमच्या दुसऱ्या साइटवर टाकायचं म्हटलं की ६३०×५००, फोनवर न्यायचं तर प्ले स्टोअरला १०२४×५००, परत सगळं आलंच.

एजन्सीने काय दिलं? एक जेपीजी. एकच. त्यात लोगो चित्रात मुरलेला, आणि बसचा दरवाजा ड्रायव्हरच्या बाजूला. एसटीत जन्मात न बसलेल्या माणसाने काढलेलं चित्र. मी फोन केला तर, सर फायनल दिलंय ना. म्हटलं बाकीचे साइज? तर दुसऱ्या दिवशी बाकीचे साइज आले, त्याच जेपीजीला ताणून आणि कापून. उभ्या पोस्टरमध्ये अर्धी बस आणि गेमच्या नावातली मधली तीन अक्षरं. हीरोवर लोगो तसाच, मोठा करून फाटलेला. म्हटलं ओपन फाइल द्या, मी बघतो माझं. तर म्हणे ती कंपनी पॉलिसीत बसत नाही. कोटेशनचा फोटो पाठवला. मग दोन निळ्या टिका आणि शांतता. मग "मॅडम रजेवर आहेत". मग गणपती आले. मग "डिझायनर सोडून गेला, त्याच्या मशीनवर आहे". मी रोज सकाळी चहाच्या आधी मेसेज करायचो, बायको म्हणायला लागली की गेमपेक्षा तू त्या एजन्सीवरच जास्त काम करतोयस.

शेवटी शेवटचा हप्ता अडवला तेव्हा लिंक आली. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची, चांगली जड फाइल, मी खूश. उघडली. आत लेयर दोन. एकाचं नाव "बॅकग्राउंड", दुसऱ्याचं "लेयर १ कॉपी". दोन्हीत तेच सपाट चित्र. फक्त जेपीजीचं पीएसडी करून पाठवलेलं! वर आणि मेसेज, "ऑल द बेस्ट फॉर लाँच सर".

लोगोचं तर वेगळंच. रोमन अक्षरांवर शिरोरेघ ओढलेला तो फॉन्ट असतो बघा, परदेशातल्या इंडियन रेस्टॉरंटच्या पाटीवर असतो तसा, तो लावलेला. मोठ्या चित्रात एकवेळ चालेल, पण स्टीमच्या लिस्टमध्ये छोटी कॅप्सूल अजून बारीक होऊन १२०×४५ ला पण दिसते, आणि तिथे त्या रेघेखाली सगळी अक्षरं एकमेकांना चिकटतात. मी फोनवर ते आईला दाखवलं आणि विचारलं कसला गेम वाटतोय. ती म्हणाली, पत्त्यांचा का रे?

ही टेस्ट मात्र सगळ्यांनी कराच. स्टीमवर तुमच्यासारखे गेम सर्च करा, स्क्रीनशॉट काढा, त्यात आपली कॅप्सूल पेस्ट करा आणि गेमबद्दल काहीही माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी जागा खाल्ली पाहिजे, चित्र मागे राहिलं तरी चालतं. आणि लोगोशिवाय काही लिहू नका. १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचं नाव आणि असलंच तर अधिकृत उपशीर्षक, बास, "५०% सूट", स्टार, पुरस्कार काही चालत नाही.

तर मग सांगलीचा एक पोरगा सापडला, आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्याने आधी नुसते काळेपांढरे बारीक ठोकळे पाठवले, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि विचारलं यातला कुठला लांबून कळतोय. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. बसचं तोंड समोर, दोन हेडलाइट, धुक्यात पिवळा उजेड, एवढंच घेतलं. घाट, झाडं, आजोबा, सगळं मोठ्या चित्रात गेलं. लेयरना नावं पण मराठीत, "धुकं पुढचं", "धुकं मागचं", "कोंबडा". दरवाजा डावीकडे, त्याला सांगावं लागलं नाही!

वर्णनाचंही थोडं. एजन्सीचं पहिलं वाक्य होतं, रहस्य, साहस आणि भावनांनी भरलेल्या अविस्मरणीय प्रवासाला निघा. हे कुठल्याही गेमला लावा, बसेल. छोट्या वर्णनाला साधारण ३०० अक्षरं मिळतात आणि त्यात खेळणारा नक्की करतो काय ते यायला हवं. मी ते फाडून लिहिलं, रात्रीची शेवटची बस घाटातून उतरवा, ब्रेक तापू देऊ नका, पहाटेच्या आत सगळ्यांना गावी पोचवा. स्टोअर ज्या भाषांत चालतं त्यात मराठी नाही, तेव्हा पेजवर ते इंग्रजीतच गेलं, पण आधी मराठीत लिहिल्यामुळे फापटपसारा आपोआप कमी झाला. खालच्या मोठ्या वर्णनात परिच्छेदांपेक्षा जिफ टाका, ब्रेक लाल होतानाची एक जिफ माझ्या चार ओळींपेक्षा जास्त सांगते. दुसऱ्या साइटच्या लिंक वर्णनात टाकू नका, चालत नाहीत.

हे आधी सांगायला हवं होतं: स्क्रीनशॉट कमीत कमी पाच लागतात आणि ते खेळातलेच हवेत, पोस्टर किंवा स्केच नाही. टॅग (गेमचा प्रकार सांगणारे शब्द) वीसपर्यंत देता येतात, पण पहिले चार-पाच नीट विचार करून लावा, पेजवर नजरेला तेच पडतात. आणि स्टीमच्या फॉर्ममध्ये एआय वापरलंय का तेही विचारतात, २०२४ च्या जानेवारीपासून, त्यामुळे चित्रकाराकडून हे आधीच लेखी घ्या. एजन्सीला विचारलं होतं, उत्तर आलं, "सर आम्ही लेटेस्ट टूल्स वापरतो".

वेळेचं गणित: ती १०० डॉलरची फी भरल्यापासून ३० दिवस गेम रिलीज करता येत नाही, आणि "कमिंग सून" पेज किमान दोन आठवडे लागलेलं असावं लागतं. पेज तपासायला स्टीमवाल्यांना तीन ते पाच कामाचे दिवस लागतात, म्हणून चित्रं हातात आल्याशिवाय रिलीजची तारीख कुणाला सांगू नका, घरच्यांना तर मुळीच नको. ओपन फाइल आली की पैसे द्यायच्या आधी स्वतः उघडा, फोटोशॉप नसेल तर फोटोपी या साइटवर ब्राउझरमध्येच उघडते, आणि एकेका लेयरसमोरचा डोळा बंद करून, म्हणजे तो लेयर लपवून, बघा.

माझं पेज लागलंय आता. एजन्सीचा शेवटचा हप्ता मी दिलेला नाही. ते अजून मागतायत, जीएसटीसकट.