पाच अॅप्लिकेशन्स, मेल सर्व्हरचा एक पत्ता

आमच्या टॉमकॅटवर (जावातली वेब अॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) पाच वेब अॅप्लिकेशन्स चालायची. पाचही एकाच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र) आणि ईमेल पाठवायला पाचही जणांना एकच मेल सर्व्हर. त्याचा पत्ता मात्र पाच ठिकाणी लिहिलेला: तिघांच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, एकाच्या वेब.एक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, आणि एकाने तर तो थेट जावा कोडमध्येच ठोकून दिलेला. पत्ता बदलला तेव्हा मी चार जागा बदलल्या. पाचवी दोन दिवसांनी कळली, तीही ‘पासवर्ड रीसेटचा मेल येत नाही’ अशी तक्रार आली म्हणून.

मग ठरवलं की असल्या सगळ्या किमती (व्हॅल्यूज) एकाच जागी आणायच्या. पहिली कल्पना साधी होती. एक क्लास, त्यात स्टॅटिक (प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी नसून क्लासची मिळून एकच असणारी) व्हेरिएबल्स, त्याची एक जार, म्हणजे क्लासचं गाठोडं, आणि ती जार पाचही अॅप्लिकेशन्सच्या वॉर फाइलींमध्ये. जेव्हीएम एकच आहे, म्हणजे स्टॅटिकही एकच असणार, असा माझा हिशेब. मेल सर्व्हरचा पत्ता त्यात टाकलाच, शिवाय ‘मेंटेनन्स मोड’ नावाचं एक बुलियनही टाकलं. अॅडमिन अॅप्लिकेशनमधून ते ट्रू केलं की बाकीच्या चौघांनी ‘काम चालू आहे’ असं पान दाखवावं, हा बेत.

अॅडमिनमध्ये ट्रू केलं. बाकीचे चौघे ढिम्म.

आधी वाटलं थ्रेडचा घोळ असेल, म्हणून व्होलाटाइल लावलं (एका थ्रेडने बदललेली किंमत बाकीच्या थ्रेडना लगेच दिसावी म्हणून). काही फरक नाही. लॉगमध्ये किंमत छापून पाहिली, तर अॅडमिनमध्ये ट्रू आणि शेजाऱ्याकडे फॉल्स, तेही त्याच सेकंदाला. शेवटी त्या क्लासचा क्लासलोडर, म्हणजे क्लास मेमरीत आणणारा भागच, दोन्हीकडून छापला आणि उलगडा झाला. लोडर वेगवेगळे होते. टॉमकॅट प्रत्येक वेब अॅप्लिकेशनला स्वतःचा क्लासलोडर देतो, आणि जेव्हीएमच्या लेखी क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही, नाव आणि लोडर मिळून ठरते. म्हणजे माझ्याकडे एका क्लासच्या पाच प्रती होत्या आणि प्रत्येकीचं स्टॅटिक वेगळं. स्टॅटिक म्हणजे सगळ्यांसाठी एक, हे इतकी वर्षं डोक्यात घट्ट बसलेलं, की माझा आधी लॉगवरच संशय होता.

उपाय शोधताना ‘जार शेअर्ड/लिबमध्ये ठेवा’ असा सल्ला मिळाला. आमच्या टॉमकॅटमध्ये तसं फोल्डरच नव्हतं. ती 5.5 पर्यंतची रचना. टॉमकॅट 6 पासून एकच लिब फोल्डर आहे, आणि शेअर्ड (सगळ्या अॅप्लिकेशन्सचा सामाईक) लोडर हवा असेल तर कॅटालिना.प्रॉपर्टीजमध्ये त्याचा मार्ग आपण लिहायचा. मी जार लिबमध्ये टाकली आणि चार अॅप्लिकेशन्स सुतासारखी सरळ झाली. पाचव्याच्या वेब-इन्फ या स्वतःच्या फोल्डरमधून जुनी जार काढायला विसरलो होतो, आणि टॉमकॅटचा वेबअॅप लोडर आधी स्वतःच्या घरात शोधतो, मग वर जातो. तिथे जुनीच प्रत जिंकत राहिली.

तीही काढली, पण ही वाट मला आवडली नाही. लिबमधल्या क्लासला अॅप्लिकेशनमधले क्लास दिसत नाहीत, त्यामुळे त्याला लागणारी लॉगिंगची जारही वर न्यावी लागली. आज लॉगिंग, उद्या आणखी काही. शिवाय वरच्या स्टॅटिकमध्ये चुकून अॅप्लिकेशनमधलं एखादं ऑब्जेक्ट धरून ठेवलं, तर ते अॅप्लिकेशन रीडिप्लॉय केल्यावरही (पुन्हा चढवल्यावरही) त्याचा जुना क्लासलोडर मेमरीतून सुटत नाही.

सिस्टम प्रॉपर्टीजही, म्हणजे जेव्हीएम सुरू करतानाच त्याला दिलेल्या किमती, करून पाहिल्या. सेटएन्व्ह.एसएचमध्ये कॅटालिना_ऑप्ट्समध्ये ‘-डी’ने किंमत द्यायची, दहा मिनिटांचं काम. पाचही जणांना ती लगेच दिसली. पण चालू प्रोग्राम दाखवणारी ‘पीएस’ कमांड मारली की मेलचा पासवर्डही उघडा दिसत होता. तिथेच थांबलो.

शेवटी जेएनडीआयवर (नाव देऊन सर्व्हरकडून किंमत मागायची जावातली सोय) आलो. जुनाट वाटतं खरं, पण नेमकं याच कामासाठी आहे. सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ग्लोबलनेमिंगरिसोर्सेसच्या आत एक एन्व्हायर्नमेंट टॅग: नाव, किंमत, आणि टाइप जावा.लँग.स्ट्रिंग. मग टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये रिसोर्सलिंक. ही फाइल सगळ्या अॅप्लिकेशन्सना लागू होते, त्यामुळे दुवा एकदाच लिहावा लागतो. कोडमध्ये ‘जावा:कॉम्प/एन्व्ह’खाली त्या नावाचं लुकअप करायचं, बस्स. पासवर्डची फाइल फक्त टॉमकॅटच्या युजरला वाचता येईल अशी केली.

तरी एक अॅप्लिकेशन जुन्याच पत्त्यावर मेल पाठवत राहिलं. त्याच्या वेब.एक्सएमएलमध्ये त्याच नावाची एन्व्ह-एंट्री, म्हणजे अॅप्लिकेशनची स्वतःची नोंद, होती, आणि ओव्हरराइड ही गोष्ट टॉमकॅटमध्ये मुळात ट्रू असते, म्हणजे अॅप्लिकेशनचा शब्द सर्व्हरच्या शब्दावर मात करतो. ग्लोबल टॅगमध्ये ओव्हरराइड फॉल्स केलं आणि तो आवाज बंद झाला.

मेंटेनन्स मोडचं काय, हा प्रश्न उरलाच होता. सर्व्हर.एक्सएमएल बदललं की टॉमकॅट रीस्टार्ट करावा लागतो. मेल सर्व्हर वर्षा-दोन वर्षांनी बदलणार, त्यासाठी पाचही अॅप्लिकेशन्स मिनिटभर बंद राहिली तर चालतं. पण ‘काम चालू आहे’ दाखवण्यासाठी सगळंच बंद करायचं, हा विनोद झाला. तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरत होतो. पत्ता हे कॉन्फिगरेशन. मेंटेनन्स मोड ही चालू असताना बदलणारी स्थिती. ती डेटाबेसमधल्या एका ओळीत नेली, आणि प्रत्येक अॅप्लिकेशन ती अर्ध्या मिनिटाने पुन्हा वाचतं.

जाता जाता कोडमधली ‘किंमत नसेल तर लोकलहोस्ट (तेच मशीन) वापर’ ही पळवाटही काढून टाकली. पहिल्या वेळी चूक दोन दिवस दडून राहिली होती तीही अशीच, काही न बोलता चालत राहणाऱ्या कोडमुळे. आता लुकअप सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरमध्ये, म्हणजे अॅप्लिकेशन सुरू होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये, होतं, आणि नाव सापडलं नाही तर एक्सेप्शन वर जाऊन ते अॅप्लिकेशन सुरूच होत नाही. त्यानंतरच्या पहिल्याच रीस्टार्टला चार उठली, एक उठलं नाही. लॉगमध्ये नेमनॉटफाउंडएक्सेप्शन. कोडमध्ये पत्ता ठोकलेलं तेच ते अॅप्लिकेशन. या वेळी लुकअपच्या नावात मी एक अक्षर चुकवलं होतं.