शेजाऱ्याच्या गळ्यात मारलेला प्रश्न

सामान्यज्ञान तपासायच्या नावाखाली खेळणाऱ्याची यथेच्छ टर उडवायची, हा 'यू डोन्ट नो जॅक' या कॉम्प्युटरवरच्या प्रश्नमंजुषेचा १९९५ पासूनचा धंदा. सीडीवरच्या पहिल्या आवृत्तीत तिघं एकाच कीबोर्डला खेटून बसत: एकाला क्यू, दुसऱ्याला बी, तिसऱ्याला पी. उत्तर येत नसेल तर 'स्क्रू' वापरून प्रश्न शेजाऱ्याच्या गळ्यात मारायचा. त्याने बरोबर उत्तर दिलं तर पैसे त्याचे आणि फटका तुम्हाला. ही कुरापत खरी रंगते ती कोपराला कोपर लागत असताना.

म्हणूनच हा खेळ कशावर घ्यायचा याला महत्त्व आहे. चित्रं सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो किती जण खेळू शकतात याने. २०११ ची आवृत्ती टीव्हीला जोडायच्या एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या गेमयंत्रांवर चौघांना खेळता येई, ऑनलाइनसुद्धा. कॉम्प्युटरवर ती स्वस्त होती, पण खेळाडू दोनच आणि ऑनलाइन नाही. कुरापती काढायला दोघं म्हणजे फारच कमी.

मग 'जॅकबॉक्स पार्टी पॅक' ही अनेक खेळांच्या संचांची मालिका आली, त्यातल्या काही संचांत जॅकही असतो, आणि रिमोटची भानगडच संपली. प्रत एकानेच घ्यायची. बाकीच्यांनी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चार अक्षरी कोड टाकायचा, की मोबाइलच रिमोट. प्रत मात्र विचार करून घ्यावी, कारण स्विच या गेमयंत्रावर घेतलेली स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या ऑनलाइन गेम-दुकानात, चालत नाही. घरच्या टीव्हीसाठी स्विच ठीक. पुणे आणि न्यू जर्सीतली भावंडं एकत्र खेळणार असतील तर लॅपटॉपवर स्टीम, आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करताना आवाज शेअर करायची खूण आठवणीने करायची. निवेदकाचे टोमणे ऐकू आले नाहीत तर उरते ती नुसती परीक्षा.

कॉलवर चित्र जरा उशिरा पोचतं. लवकर उत्तराला जास्त पैसे, त्यामुळे लांबचा खेळाडू मुळातच मागे. वेळ वाढवून मिळाली तरी आधी दाबणाऱ्याचा फायदा तसाच राहतो. 'जॅक अटॅक' या शेवटच्या फेरीत शब्द झरझर येऊन जातात, तिथे तर हा उशीर फारच बोचतो. एकाच खोलीत बसलात तरी इंटरनेट हवंच. मोबाइलवरचं प्रत्येक बटण सर्व्हरमार्गे जातं.

प्रश्न एकदा वापरले की संपले, आणि त्यांतले बरेचसे अमेरिकी टीव्ही-जाहिरातींवरचे. जॅकसाठीच घ्यायचा तर २०१८ चा पाचवा पॅक घ्यावा, त्यात आठ जण खेळतात. २०१४ च्या पहिल्या पॅकमधला जॅक चौघांपुरताच, पण सोबत 'फिबेज एक्सएल' मिळतो. त्यात खोटी उत्तरं रचून इतरांना फसवायचं असतं, आणि त्यासाठी अमेरिकी टीव्ही पाहिलेला असावा लागत नाही.