आयफेल टॉवर पायऱ्यांनी: पुलांच्या कारखान्यातल्या माणसाचा वृत्तांत

मनमाडच्या ज्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात, तेथे माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे स्टुटगार्टला राहणाऱ्या मुलीने गेल्या सप्टेंबरात पॅरिसचा बेत आखला, तेव्हा लूव्हर, नोत्र दाम आणि सीन नदीतली नौकासफर या सगळ्याला मी मान डोलावली खरी, पण मन आयफेल टॉवरमध्येच अडकले होते. पत्नीने ते ओळखले आणि गाडीतच विचारले, "एवढ्या लांब येऊन शेवटी रिव्हेटच मोजणार का?" मोजणे शक्य नव्हते, कारण लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडणारे असे सुमारे 25 लाख रिव्हेट या मनोऱ्यात आहेत, पण त्यांच्याजवळ उभे राहून ते पाहता मात्र येतात, आणि त्यासाठी लिफ्टने न जाता पायऱ्यांनी जावे लागते. हा वृत्तांत मुख्यतः त्या पायऱ्यांविषयी आहे.

प्रथम तिकिटांविषयी, कारण निम्म्या लोकांची सहल तेथेच बिघडते. टॉवरच्या अधिकृत संकेतस्थळावर लिफ्टची तिकिटे साठ दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा तारीख पक्की असेल तर दिवस मोजून साठाव्या दिवशी बसावे. आम्ही आळस केला. तीन आठवडे उरले असताना अधिकृत जागी माथ्यापर्यंतच्या लिफ्टच्या सोयीच्या वेळा शिल्लक नव्हत्या, आणि एका मध्यस्थाच्या संकेतस्थळावर तीच वेळ जवळपास दुप्पट दराने मिळत होती. जावयांनी कार्डाचा क्रमांक टाकेपर्यंत मजल गेली होती, एवढ्यात मुलीच्या लक्षात आले की त्या तिकिटात माथा नव्हताच, फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंतचा प्रवेश आणि सोबत एक मार्गदर्शक होता. अशा जागी 'कुठपर्यंत' हा शब्द नीट वाचावा. पायऱ्यांची तिकिटे ऑनलाइन उशिरा खुली होतात आणि त्या दिवशी टॉवरच्या दक्षिण पायाशीही मिळतात. माथ्यापर्यंतच्या लिफ्टला माणशी पस्तीस युरोंच्या पुढे मोजावे लागतात, तर पायऱ्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत जायला त्याच्या निम्म्याहून कमी. पायऱ्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत आणि तेथून लिफ्टने माथ्यावर, असे जोड तिकीटही असते; मी आणि जावयांनी तेच घेतले. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करून तिच्यासाठी आणि मुलीसाठी दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या लिफ्टची तिकिटे काढली. भारतातून येणाऱ्यांसाठी एक सोय सांगण्यासारखी आहे: 2024 च्या फेब्रुवारीत या टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआयने पैसे भरण्याची सुरुवात झाली.

तेथे जाण्यासाठी मेट्रोची सहा क्रमांकाची मार्गिका घ्यावी, आणि शक्य असेल तर थेट बीर-हाकीमला न उतरता आधी त्रोकादेरोला उतरावे. त्रोकादेरोच्या उंच चौथऱ्यावरून नदीपलीकडचा मनोरा पायापासून शेंड्यापर्यंत एका नजरेत येतो आणि मग इएना पूल ओलांडून चालतच पायथ्याशी जाता येते. छायाचित्रे काढायची असतील तर दुपारनंतर यावे, कारण सकाळी या बाजूने पाहताना सूर्य समोरच्या अंगाला असतो. पासी ते बीर-हाकीम या दोन स्थानकांमध्ये गाडी उघड्यावरून नदी ओलांडते आणि डाव्या खिडकीतून टॉवर दिसतो. आम्ही हा टप्पा दुसऱ्या दिवशी मुद्दाम केला. प्रत्येकाकडे मेट्रो प्रवासाचे स्वतःचे वेगळे नाव्हिगो कार्ड असावे, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. पुलावर आणि चौथऱ्यावर तीन वाट्या फिरवून पैज लावणारे, हातात कागद घेऊन सही मागणारे आणि छोट्या टॉवरांच्या किचेनचे जुडगे विकणारे भेटतात. त्यांतल्या पहिल्या दोघांपाशी थांबू नये. वाट्यांच्या भोवती जिंकणारे जे दिसतात ते त्यांचेच साथीदार असतात. तिसऱ्याकडून मी नातवासाठी छोटे टॉवर घेतले, ते अजून शाबूत आहेत.

2018 पासून टॉवरच्या परिसराभोवती काचेची उंच भिंत आहे आणि आत शिरताना सामानाची तपासणी होते; वर चढण्यापूर्वी ती पुन्हा होते. टॉवरखालच्या अंगणात जायला तिकीट लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. वर जायचे नसले तरी चार पायांच्या मध्ये उभे राहून मान वर करून पाहणे फुकट आहे आणि ते टाळू नये. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि ठेवायची सोय नाही, म्हणून स्थानकावरून सामानासकट थेट येण्याचा विचार सोडून द्यावा. काचेच्या बाटल्या चालत नाहीत, धारदार वस्तूही चालत नाहीत. पत्नीच्या पर्समध्ये तिच्या आजीचा पितळी अडकित्ता होता. सुरक्षारक्षकाने तो उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिला आणि हे काय आहे असे विचारले. सुपारी म्हणजे काय हे मुलीने फ्रेंचमध्ये समजावून सांगेपर्यंत मागे रांग थबकली. चूक आमचीच होती. शेवटी जावई तो घेऊन चालत हॉटेलवर ठेवून आले आणि त्यात आमचा पाऊण तास गेला. सुदैवाने पायऱ्यांना वेळेची फारशी अडचण नव्हती. लिफ्टची ठरलेली वेळ मात्र त्या दोघींनी जेमतेम साधली.

पायऱ्या दक्षिण पायातून चढतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्या 674 आहेत. पुणेकरांना हिशेब सोपा पडावा म्हणून सांगतो: पर्वतीच्या पायऱ्या 103 धरल्या तर साडेसहा वेळा पर्वती झाली, आणि पहिला मजला साधारण निम्म्यावर येतो. मी निवृत्तीनंतर पुण्यात राहतो आणि निघण्याआधी महिनाभर पर्वतीवर एक दिवसाआड दोन फेऱ्या करत होतो, त्याचा उपयोग झाला. पायऱ्या रुंद आणि एकसारख्या उंचीच्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडे आणि जाळी आहे, ठरावीक अंतरावर थांबायला जागा आहेत. गड चढणाऱ्याला त्यांचे काहीच वाटणार नाही. मात्र पायऱ्या उघड्या लोखंडाच्या असल्याने खालचे दिसते, आणि ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी नजर समोर ठेवावी. वारा खालच्यापेक्षा वर चांगलाच बोचतो. सप्टेंबरातही मला अंगात जाकीट घालावे लागले.

आता ज्यासाठी गेलो त्याविषयी. आयफेल टॉवर हा पुलाच्या माणसांनी बांधलेला पुलाचा खांब आहे, असे मला पहिल्या वळणावरच वाटले आणि ते शेवटपर्यंत वाटत राहिले. गुस्ताव आयफेल यांच्या कंपनीने पोर्तुगालमधील पोर्तो येथे 1877 साली पूर्ण झालेला मारिया पिया पूल आणि फ्रान्समधील गाराबीचा उंच रेल्वे पूल आधी बांधले होते. टॉवरची मूळ कल्पना आयफेल यांची नव्हे, तर त्यांच्या कंपनीतील मोरिस केश्लँ आणि एमिल नुगिए या अभियंत्यांची. वास्तुकार स्तेफाँ सोव्हेस्त्र यांनी तिला सुबकपणा दिला. खालच्या चार पायांमधल्या ज्या देखण्या कमानी प्रत्येक छायाचित्रात दिसतात त्या मुख्यतः शोभेच्या आहेत, मनोऱ्याचा भार त्या पेलत नाहीत. भार पेलतात ते तिरके पाय. त्यांची बाहेरून आत येणारी वक्र रेषा वाऱ्याच्या दाबाच्या हिशेबातून आलेली आहे.

पायऱ्यांवरून हे लोखंड हाताच्या अंतरावर येते. एका थांब्यापाशी एक तिरका आधार कठड्याच्या अगदी जवळून जातो आणि त्याच्या सांध्यावरची जाड पट्टी, तिला धरणारे काटकोनी अँगल आणि त्यांवरची रिव्हेटची रांग मला चांगली दहा मिनिटे पाहता आली. आमच्याकडे जुन्या पुलाची तपासणी करताना रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूने बोट लावायचे आणि दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारायची अशी पद्धत होती. रिव्हेट सैल असला तर बोटाला थरथर जाणवते आणि आवाजही बद्द येतो. हातोडी नव्हती, म्हणून मी नुसते बोट लावले. डोके गोल होते, पण त्याची कड हाताला लागतच नव्हती, इतके रंगाचे थर तिच्यावर चढलेले होते. हा टॉवर साधारण दर सात वर्षांनी रंगवला जातो, अजूनही हाताने, कुंचल्याने, आणि एका वेळेस सुमारे 60 टन रंग लागतो. गंजापासून लोखंड वाचवायचे तर दुसरा उपाय नाही, हे आमच्या खात्यातला कोणीही सांगेल.

या 25 लाख रिव्हेटपैकी सुमारे एक तृतीयांशच जागेवर मारले गेले. बाकीचे पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथील कारखान्यात बसवून, साधारण पाच-पाच मीटरचे भाग जोडून आणले जात. 18,038 सुटे भाग आधी बोल्टने तात्पुरते जोडायचे आणि मग एकेक बोल्ट काढून तेथे तापवलेला रिव्हेट मारायचा, असे काम चाले. एका रिव्हेटमागे चार माणसे: एक भट्टीवर तापवणारा, एक मागून धरणारा, एक डोके घडवणारा आणि एक घण मारणारा. लाल रिव्हेट थंड होताना आकसतो आणि पट्ट्यांना एकमेकांवर आवळतो. जोडाची खरी ताकद त्या आवळण्यात आहे. काम जानेवारी 1887 अखेर सुरू झाले आणि 31 मार्च 1889 ला संपले. सव्वादोन वर्षांपेक्षाही कमी वेळात 7,300 टन लोखंड उभे राहिले. हे लोखंड आजचे पोलाद नव्हे, लोरेनमधल्या पोंपे येथील भट्ट्यांचे जुन्या पद्धतीचे घडीव लोखंड आहे. जावई संगणकक्षेत्रातले आहेत. त्यांनी हे सगळे सौजन्याने ऐकून घेतले.

पहिल्या मजल्यावर, 57 मीटरवर, थोडे बसावे. तेथे पाणी, स्वच्छतागृह आणि उपाहारगृह आहे, आणि 2014 मध्ये बसवलेली काचेची जमीन आहे, जिच्यावर मुले आडवी पडतात आणि मोठी माणसे कडेकडेने चालतात. स्वच्छतागृहाची रांग येथे वरच्यापेक्षा लहान होती. पहिल्या मजल्याच्या बाहेरच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत 72 फ्रेंच शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावे आहेत, पण ती वरून दिसत नाहीत. चढण्याआधी अंगणाबाहेरून चारही बाजूंनी फिरून वाचावी लागतात. तुळयांच्या गणितातली नाव्हिए आणि क्लापेरों ही नावे मला सापडली, तेव्हा पदविकेच्या दुसऱ्या वर्षातला बीमचा पेपर आठवला. गणितज्ञ सोफी जर्मेन यांचे नाव त्यांत नाही. लवचीक पत्र्यांच्या कंपनांवर त्यांनी केलेले काम पाहता ते असायला हवे होते.

दुसऱ्या मजल्यावर पत्नी आणि मुलगी आमची वाट पाहत होत्या. तिरक्या पायातून वर सरकणारी लिफ्ट हाही एक अनुभव आहे असे पत्नीने ऐकवले, आणि त्यात तथ्य आहे: पाय कललेले असल्यामुळे लिफ्टही कलत्या रुळांवरून जाते. येथून, 116 मीटरवरून, शहर सर्वांत चांगले दिसते असे माझे मत आहे. आंव्हालीदचा सोनेरी घुमट, मोंमार्त्रच्या टेकडीवरचे पांढरे साक्रे-केर, विजयकमान आणि नदीवरचे एकामागून एक पूल इथून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. माथ्यावर, 276 मीटरवर, जाण्यासाठी येथे लिफ्टची पुन्हा रांग लावावी लागते. आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. वर गर्दी दाट असते, जागा अरुंद असते, आणि वारा जोराचा असला की माथा बंदही ठेवतात. तेथे आयफेल यांच्या खोलीत त्यांचा, त्यांच्या मुलीचा आणि पाहुणे म्हणून आलेल्या एडिसन यांचा मेणाचा पुतळा आहे. मी गेलो याचे मला समाधान आहे, पण तिकीट मिळाले नाही म्हणून सहल रद्द करण्याइतके ते महत्त्वाचे नाही. माथ्याचे खरे मोल वेगळे होते. मनोऱ्याला परवाना वीसच वर्षांचा होता. बिनतारी संदेशांसाठी एवढा उंच खांब लष्कराला उपयोगी पडतो हे दिसले आणि तो पाडला गेला नाही. आजही त्याच्या 330 मीटर उंचीतला सर्वांत वरचा भाग अँटेनाचा आहे.

उतरताना आम्ही चौघेही लिफ्टने उतरायला हवे होते. मी हट्टाने पायऱ्या धरल्या आणि गुडघ्यांना कळले. चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, तेव्हा साठी ओलांडलेल्यांनी उतरतानाचा विचार आधी करून ठेवावा.

रात्रीचे दिवे पाहायचे असतील तर महिना लक्षात घ्यावा. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे वीस हजार दिवे लुकलुकतात. जूनमध्ये सूर्यच दहाच्या सुमारास मावळत असल्याने लहान मुलांना आणि वृद्धांना ताटकळावे लागते. सप्टेंबरात आम्ही नऊ वाजता टॉवरलगतच्या शां द मार्स बागेच्या हिरवळीवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात ते पाहिले. पावणेबारानंतर टॉवर अंधारात जातो. हिरवळीवर बसायला चादर न्यावी, गवत दवाने ओले असते, आणि पर्स मांडीवर ठेवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची लूव्हरची तिकिटे काढली होती, ती दुपारची काढायला हवी होती. तेथेही पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि मोनालिसापर्यंतचा माझा बराचसा प्रवास कठडा धरूनच झाला.